सव्वा मीटर ऊन

जर्मनीतल्या कुठल्याही शहराच्या कडेला गेलात, की एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगा दिसतात. पुण्या-नाशकात आपण ज्याला रो-हाऊस म्हणतो, तोच प्रकार. जर्मन नाव ‘राइहेनहाउस’, म्हणजे शब्दशः रांगेतलं घर. रुंदी साडेपाच-सहा मीटर, दोन मजले, वर उतरतं कौलारू छप्पर, मागे चार खुर्च्या मावतील एवढी बाग. स्वतंत्र बंगला परवडत नाही, पण फ्लॅटमध्येही राहायचं नाही, अशा शिक्षकांचं, नर्सांचं, कारखान्यातल्या फोरमनचं आणि अलीकडे आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या आयटीवाल्यांचं हे घर.

आता अशा साडेपाच मीटर रुंद घरावर सोलर पॅनल बसवायचे आहेत असं समजा. छपराचा दक्षिणेकडचा उतार सहा मीटर लांब धरू. आजकालचा घरगुती पॅनल साधारण १.१३ मीटर रुंद आणि १.७६ मीटर उंच असतो. म्हणजे एका ओळीत चार, आणि वरपासून खालपर्यंत तीन ओळी. एकूण बारा पॅनल. एकेक ४३० वॅटचा धरला तर सव्वापाच किलोवॅटच्या आसपास. जर्मनीच्या उन्हात एक किलोवॅट वर्षाला साधारण ९५० युनिट देतो, म्हणजे वर्षाला सुमारे ४,९०० युनिट. चार माणसांच्या घराला वर्षाला ४,००० युनिट लागतात. हिशेब छान जुळतो.

पण अगदी परवापरवापर्यंत तिथल्या अनेक राज्यांत हा हिशेब कागदावरच राहायचा. शेजाऱ्याबरोबर असलेल्या सामाईक भिंतीच्या मध्यरेषेपासून सव्वा मीटरच्या आत पॅनल बसवायचा नाही, असा अग्निसुरक्षेचा नियम होता. रांगेतल्या मधल्या घराला अशा भिंती दोन. डावीकडून सव्वा मीटर गेलं, उजवीकडून सव्वा गेलं, साडेपाचातले उरले तीन. तीन मीटरमध्ये दोन पॅनल बसतात, तिसऱ्याला जागा पुरत नाही. बाराचे झाले सहा. ४,९०० युनिटचे झाले २,४५०.

तीन गल्ल्या पलीकडे, चारही बाजूंनी बाग असलेल्या बंगल्याला मात्र हा नियम लागूच होत नाही, कारण त्याला सामाईक भिंतच नाही. त्याचं छप्पर काठापासून काठापर्यंत भरता येतं.

हा सव्वा मीटरचा आकडा आला कुठून? कुणा चिडक्या सरकारी बाबूने बसल्या बसल्या ठरवला, असं म्हणून मोकळं होता येईल. पण तसं नाही. या आकड्यामागे आगींचा काहीशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात घरावर पडणाऱ्या उन्हाचा प्रश्न याआधीही एकदा येऊन गेला आहे.

सामाईक भिंत

शहर म्हणजे चिकटून बांधलेली घरं, आणि घरं चिकटली की एकाची आग दुसऱ्याची होते. युरोपातली मध्ययुगीन शहरं लाकडाची होती. भिंती लाकडी चौकटीच्या, छप्परं गवताची नाही तर फळ्यांची.

यावरचे सगळ्यात जुने लेखी उपाय सापडतात त्यांत लंडनचा एक आहे, ११८९ च्या सुमाराचा. पहिला मेयर हेन्री फिट्झ-एल्विन याच्या नावाने तो ओळखला जातो. दोन शेजाऱ्यांना दगडी भिंत बांधायची असेल तर दोघांनी आपापली दीड फूट जमीन द्यायची, खर्च निम्मा-निम्मा करायचा, आणि मध्ये तीन फूट जाड, सोळा फूट उंच भिंत उभी करायची. गंमत म्हणजे याच नियमावलीत पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडणार आणि शौचकूप हद्दीपासून किती लांब हवा, असल्या शेजारधर्माच्या भांडणांचाही निकाल आहे. आग हा तेव्हा शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला मामला होता. तीन फुटांची भिंत म्हणजे दोघांनी मिळून काढलेला विमाच.

हा धडा लंडनने सगळीकडे गिरवला नाही. १६६६ च्या आगीत १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळाली. त्यानंतरच्या कायद्याने घरं विटांची नाही तर दगडाची केली आणि सामाईक भिंतींची जाडी ठरवून दिली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी एक कलम आलं: सामाईक भिंत छपरापाशी थांबवायची नाही, छपरातून वर काढायची. कारण उघड होतं. भिंत कितीही जाड असली तरी तिच्या डोक्यावरून लाकडी वासे सलग गेले असतील, तर आग वाशांवरून चालत पलीकडे जाते. भिंत तशीच उभी राहते आणि दोन्ही घरं जळतात.

आपल्या सव्वा मीटरची मूळ कल्पना हीच. आगीला भिंत अडवते, पण भिंतीच्या डोक्यावर काय आहे त्यावर ती अडते की पुढे जाते हे ठरतं.

हॅम्बर्ग, मे १८४२

जर्मन शहरांनी हा धडा वेगळ्या किमतीला घेतला. हॅम्बर्ग हे व्यापाऱ्यांचं बंदर, जोखमीचा हिशेब करण्यात पटाईत. १६७६ साली तिथे ‘फॉयरकासे’ नावाचा सार्वजनिक अग्निविमा सुरू झाला. तो जगातल्या सर्वांत जुन्या विमासंस्थांपैकी एक मानला जातो. पण विम्याने नुकसान वाटून घेता येतं, आग थांबत नाही.

५ मे १८४२ च्या पहाटे डाइखश्ट्रासे या कालव्याकाठच्या रस्त्यावर आग लागली. भोवती गोदामं, लाकडी चौकटीची घरं, अरुंद बोळ. आग ८ मेपर्यंत चालली. एक्कावन्न माणसं गेली, सुमारे १,७०० इमारती जळाल्या, वीस हजारांच्या आसपास लोक बेघर झाले. बेर्गेडोर्फला जाणारी नवी कोरी रेल्वे उद्घाटनाची वाट पाहत उभी होती. समारंभ बाजूला राहिला आणि तिचे पहिले प्रवासी ठरले आगीतून पळणारे लोक.

अग्निशामकांच्या हातात शेवटचा उपाय उरला तो दारूगोळ्याचा. आगीच्या वाटेतली घरं सुरुंग लावून पाडायची आणि मध्ये मोकळी जागा करायची. त्यात शहराचं टाउन हॉलही उडवून दिलं गेलं. आगीला अडवायला एक रिकामा पट्टा हवा, आणि तो आधी ठेवला नसेल तर ऐन वेळी स्फोटाने करावा लागतो, हे त्या चार दिवसांत अख्ख्या शहराने पाहिलं.

पुनर्बांधणीत रस्ते रुंद झाले, विल्यम लिंडली या इंग्रज इंजिनियरने पाण्याचे नळ आणि गटारं आखली, आणि घरांमधल्या पक्क्या अग्निभिंती हा बांधकामाचा पाया ठरला. जर्मनमध्ये या भिंतीला ‘ब्रांडवांड’ म्हणतात. ‘ब्रांड’ म्हणजे आग, ‘वांड’ म्हणजे भिंत. हा शब्द आजही तिथल्या प्रत्येक राज्याच्या बांधकाम कायद्यात आहे.

बर्लिनचा चौक

पॅनलचा इतिहास म्हणून मी हे सगळं वाचायला घेतलं, तेव्हा सर्वांत जास्त वेळ थांबलो तो बर्लिनच्या एका आकड्यापाशी: ५.३४ मीटर.

१८५१ साली बर्लिनमध्ये पगारी, पूर्णवेळ अग्निशमन दल उभं राहिलं. दोन वर्षांनी, १८५३ मध्ये, शहरासाठी नवी बांधकाम नियमावली आली. शहर तेव्हा चार लाखांच्या आसपास होतं आणि झपाट्याने फुगत होतं. मजुरांसाठी पाच-पाच मजली भाड्याच्या इमारती उठत होत्या. रस्त्यावर एक इमारत, तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. या इमारतींच्या मध्ये चौक किती मोठा ठेवायचा? नियमाने उत्तर दिलं: कमीत कमी सतरा फूट लांब, सतरा फूट रुंद. प्रशियन फुटाच्या मापाने ५.३४ मीटर. कारण आग विझवायचा पंप चौकात येऊन वळायला तेवढी जागा पुरते.

पंपाचा हिशेब बरोबर होता. पण चौकात पंप वर्षातून एखाद वेळी येणार, आणि माणसं रोज राहणार. बिल्डरांनी ‘कमीत कमी’ हे शब्द सोडून दिले आणि तेवढाच चौक ठेवला. पाच मजल्यांच्या तळाशी अठ्ठावीस चौरस मीटरची विहीर. खालच्या खोल्यांत ऊन पोचेना, हवा खेळेना. या इमारतींना लोक ‘मीट्सकाझेर्न’ म्हणू लागले, म्हणजे भाड्याच्या बराकी. मुंबईच्या जुन्या चाळीतल्या आतल्या खोलीत ज्याने दिवसा बल्ब लावून अभ्यास केला आहे, त्याला यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

१८८७ साली नियम बदलला आणि चौकाचं किमान क्षेत्रफळ साठ चौरस मीटर झालं. मधली चौतीस वर्षं जे बांधलं गेलं, ते तसंच राहिलं.

या आकड्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आगीपासून वाचवायला केलेला नियम होता आणि त्या कामी तो आलाही असेल. फक्त तो लिहिताना एकच प्रश्न विचारला गेला: पंप वळेल का? इथे राहणाऱ्याला ऊन मिळेल का, हे त्याच ओळीत ठरत होतं, पण ते विचारायला कुणी बसलेलं नव्हतं. आणि किंमत ज्याने मोजली तो तळमजल्याचा भाडेकरू होता. रस्त्याकडच्या खिडक्यांना ऊन होतंच.

स्कायलाइटचा नियम पॅनलला

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत प्रश्न पडला की बांधकामाचे नियम कुणी करायचे, केंद्राने की राज्यांनी? १९५४ साली घटनात्मक न्यायालयाने राज्यांच्या बाजूने मत दिलं. पण प्रत्येक राज्याचं अगदी वेगळं होऊ नये म्हणून १९६० च्या सुमाराला एक नमुना नियमावली तयार झाली. ती स्वतः कायदा नाही. राज्यांचे बांधकाम मंत्री एकत्र बसून तिच्यात बदल करतात आणि मग प्रत्येक राज्य आपापल्या सवडीने ते बदल आपल्या कायद्यात घेतं.

या नमुन्यात ब्रांडवांडचं कलम आहे. मोठ्या इमारतीत अग्निभिंत छपराच्या वर तीस सेंटिमीटर काढायची, किंवा छपराच्या पातळीला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर बाहेर येणारा न जळणारा स्लॅब टाकायचा. लहान घरांना सूट आहे. त्यांची भिंत कौलांच्या खालपर्यंत नेली तरी चालते. म्हणून रांगेतल्या घरांचं छप्पर बाहेरून एकसंध दिसतं. भिंती आत लपलेल्या असतात.

या सुटीची भरपाई दुसऱ्या कलमात आहे. भिंत वर आलेली नसेल, तर तिच्यापासून सव्वा मीटरच्या आत छपराला भोक पाडायचं नाही, म्हणजे स्कायलाइट नको. जळणाऱ्या सामानाची खिडकीवजा छपरी वा तसं काही बांधकामही नको. विचार सरळ आहे. माझ्या स्कायलाइटमधून ज्वाळा बाहेर पडल्या तर भिंतीपर्यंत सव्वा मीटर, आणि शेजाऱ्याचा स्कायलाइट भिंतीपलीकडे आणखी सव्वा मीटर. मध्ये अडीच मीटरची कौलं. हॅम्बर्गला सुरुंगाने करावा लागलेला पट्टा इथे आधीच मोजून ठेवला होता.

मग सोलर पॅनल आले. छपरावरची एक नवी वस्तू, मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेली, म्हणजे जळू शकणारी. तिला नियमात कुठे बसवायचं? जे कलम समोर होतं, त्यात. पॅनल स्कायलाइट आणि छपऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला आणि सव्वा मीटर त्यालाही लागू झालं.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. जुन्या कोडमध्ये एक आकडा असतो, शेजारी कॉमेंट नसते. तो काढायची हिंमत होत नाही, कारण काढल्यावर काय मोडेल ते ठाऊक नसतं. मग नवीन फीचर आलं की त्याच आकड्याला जोडून दिलं जातं. आकडा चुकीचा असतोच असं नाही. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो, एवढंच.

स्कायलाइटच्या बाबतीत सव्वा मीटरने फारसं कुणाचं बिघडत नव्हतं. खिडकी छपराच्या मध्यावर घेतली की झालं. पॅनलचं तसं नाही. पॅनलला जागा म्हणजेच वीज, आणि जागा रुंदीतून कापली जात होती.

छपरावरची न विझणारी वीज

जर्मनीने घरगुती सोलर मनावर घेतलं ते १९९० मध्ये, ‘हजार छपरं’ या योजनेपासून. नाव हजारांचं, पण दोन हजारांहून जास्त छपरांवर यंत्रणा बसल्या. खरा स्फोट झाला एप्रिल २००० च्या कायद्यानंतर. छपरावरची वीज ग्रिडला दिली तर वीस वर्षं ठरलेला भाव मिळणार, ही हमी त्यात होती. दहा-बारा वर्षांत यंत्रणांची संख्या तेरा लाखांच्या घरात गेली.

तेव्हा अग्निशमन दलांच्या मनात नवी धास्ती आली, आणि ती समजण्यासारखी होती. आग लागली की पहिलं काम म्हणजे घराची वीज तोडणं. मेन स्विच पाडला की घरातली वीज जाते. पण पॅनलवर ऊन पडत असेल तोवर पॅनलपासून स्विचपर्यंतच्या वायरमध्ये काहीशे व्होल्टचा डीसी प्रवाह तयार असतोच. सूर्याला स्विच नाही. ओल्या छपरावर, धुरात, हातात पाण्याचा पाइप घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी ही साधी गोष्ट नव्हती. ‘पॅनल असलेलं घर फायर ब्रिगेड जळू देते’ अशा बातम्या आणि अफवा पसरल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या डेलँको इथे एका प्रचंड शीतगृहाला आग लागली. त्याच्या छपरावर सात हजारांहून जास्त पॅनल होते. जवान छपरावर चढू शकले नाहीत, ही बातमी जगभर फिरली.

जर्मनीत मात्र या भीतीचं मोजमाप झालं. फ्राउनहोफर ही सरकारी पाठबळ असलेली संशोधन संस्था आणि टीयूव्ही राइनलँड यांनी देशातल्या घटना गोळा केल्या. तेरा लाख यंत्रणांमध्ये आग किंवा उष्णतेने नुकसान झाल्याच्या सुमारे ४३० घटना सापडल्या. त्यातल्या साधारण २१० मध्ये सुरुवात सोलर यंत्रणेतून झाली होती, बाकीच्यांत आग दुसरीकडे लागून पॅनलपर्यंत आली होती. मोठं नुकसान करणाऱ्या आगी पाहिल्या तर प्रमाण ०.००६ टक्के. कारणं बहुतेक कंटाळवाणी होती: नीट न दाबलेले कनेक्टर, दोन कंपन्यांचे जोडलेले प्लग, पाणी शिरलेले स्विच, घाईत केलेलं काम. सैल जोडात ठिणगीची कमान तयार होते, आणि डीसीमधली ती कमान एसीसारखी आपोआप तुटत नाही.

पाण्याचंही उत्तर नियमात आधीच होतं. कमी दाबाच्या विजेवर फवारा मारायचा तर एक मीटर अंतर, सरळ धार मारायची तर पाच मीटर. हे अंतर पाळलं तर पॅनल असलेलं घर विझवता येतं. जवानांना तसं प्रशिक्षण मिळू लागलं.

पण या अभ्यासाने सव्वा मीटरचा प्रश्न सुटला नाही, कारण तो वेगळा आहे. आग कुठूनही लागो, ती पॅनलवरून शेजाऱ्याकडे जाईल का? इथे धास्तीत तथ्य आहे. पॅनल आणि कौलं यांच्यामध्ये वितभर पोकळी असते. त्या पोकळीत ज्वाळा शिरली की ती चुलीच्या धुराड्यासारखी वर ओढली जाते आणि उष्णता पॅनल आणि छपराच्या मध्ये कोंडून राहते. मोकळ्या छपरावर विझली असती अशी आग पॅनलखाली पसरू शकते. पॅनलची सलग रांग भिंतीवरून पलीकडे गेलेली असेल, तर ती रांग म्हणजे लंडनचे लाकडी वासेच. शिवाय रांगेतल्या घरांची आग विझवताना जवान अग्निभिंतीपाशीच मोर्चा लावतात. तिथली कौलं काढून आत पाहायला त्यांना मोकळी पट्टी लागते.

म्हणजे पट्टी हवी, यात वाद नव्हता. वाद होता तो किती हवी, आणि कुठल्या पॅनलसाठी, यावर.

बिल सगळ्यांना, छप्पर थोड्यांना

इथे पैशाची गोष्ट सांगायला हवी. सोलरला वीस वर्षं मिळणारा तो ठरलेला भाव सरकारी तिजोरीतून येत नव्हता. तो विजेच्या बिलातल्या एका अधिभारातून यायचा. २०१७ साली हा अधिभार युनिटमागे ६.८८ सेंट होता. वर्षाला साडेतीन हजार युनिट वापरणाऱ्या घराने त्या वर्षी कर सोडून सुमारे २४० युरो भरले.

बंगल्यातल्या माणसाने ते भरले, रांगेतल्या घरवाल्यानेही भरले. पण बंगल्याच्या छपरावर बारा, पंधरा, वीस पॅनल चढले आणि परतावा मिळाला. रांगेतल्या छपरावर सहाच बसत होते. सहा पॅनलसाठीही मचाण बांधावं लागतं, इन्व्हर्टर घ्यावा लागतो, इलेक्ट्रिशियनची मजुरी तीच. अशा वेळी बरेच जण हिशेब करून नादच सोडतात. अधिभार मात्र बिलात येत राहतो. हा अधिभार जुलै २०२२ मध्ये शून्यावर आला.

बर्लिनच्या चौकासारखंच झालं. रस्त्याकडच्या खिडकीला ऊन होतं, किंमत आतल्या खोलीने मोजली.

अर्धा मीटर

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि जर्मनीतलं गॅस आणि विजेचं गणित कोसळलं. सरकारने २०३० पर्यंत २१५ गिगावॅट सोलरचं लक्ष्य ठरवलं. २०२३ च्या सुरुवातीपासून घरगुती सोलर यंत्रणांवरचा व्हॅट शून्य केला. पॅनल बसवणाऱ्यांकडे रांगा लागल्या, आणि रांगेतल्या घरांचा प्रश्न अचानक सगळ्यांना दिसू लागला.

सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यांच्या बांधकाम मंत्र्यांनी नमुना नियमावलीतलं कलम बदललं. जळणाऱ्या सामानाच्या पॅनलला सव्वा मीटर कायम राहिलं. पण ज्याच्या बाहेरच्या बाजू आणि खालची चौकट न जळणाऱ्या सामानाची आहे, म्हणजे मागेही प्लॅस्टिकऐवजी काच आणि खाली धातूचे रूळ, अशा पॅनलला अर्धा मीटर पुरेल असं ठरलं. राज्यांनी हा बदल आपापल्या वेळेला, आपापल्या शब्दांत घेतला. काहींनी आधीच सैल केलं होतं, काहींनी नंतर.

आपल्या घराचा हिशेब पुन्हा करू. साडेपाच मीटरमधून दोन्हीकडचे अर्धे-अर्धे काढले, उरले साडेचार. एका ओळीत तीन पॅनल, तीन ओळींत नऊ. सुमारे ३,७०० युनिट. बारा नाहीत, पण नऊ पॅनलवर घराचा हिशेब जवळपास बसतो. आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंचे मिळून एक मीटरची पट्टी जवानांसाठी मोकळी राहते.

मला या बदलातली मंत्र्यांची उदारता तितकी महत्त्वाची वाटत नाही, जितका प्रश्नातला बदल वाटतो. जुना नियम विचारायचा, ‘किती लांब?’ नवा आधी विचारतो, ‘कशाचा बनलेला आहे?’ अंतर कशासाठी ठेवलं होतं ते कारण शोधलं, आणि ते कारण दुसऱ्या मार्गाने भागतंय का ते पाहिलं. दोन्ही बाजूंना काच असलेले पॅनल तोवर स्वस्त होऊन बाजारात सर्रास मिळत होते. कायदा तिथपर्यंत पोचायला वेळ लागला, आणि त्या काळात ज्यांनी सहा पॅनल बसवले किंवा नाद सोडला, त्यांचं छप्पर तसंच राहिलं.

दुसऱ्या देशात दुसरा आकडा

हेच पॅनल कॅलिफोर्नियात गेले की आकडा बदलतो. २००८ मध्ये तिथल्या राज्य अग्निशमन विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या: छपराच्या कडेने तीन फुटांची वाट आणि वरच्या कण्याखाली तीन फूट मोकळे. पुढे अमेरिकेच्या नमुना अग्निसंहितेत तशाच तरतुदी आल्या. कारण शेजारी नव्हता, धूर होता. अमेरिकी घरं बहुधा लाकडी. तिथे जवान छपरावर चढून करवतीने भोक पाडतात, म्हणजे धूर आणि गरम वायू वरून निघून जातात. त्यासाठी चालायला वाट हवी आणि कण्याजवळ कापायला जागा हवी. २०१८ च्या संहितेत तेही कारणाप्रमाणे बारीक झालं. पॅनलने छपराचा एक तृतीयांश किंवा त्याहून कमी भाग व्यापला असेल, तर कण्याजवळ तीनऐवजी दीड फूट चालतं.

विजेच्या भीतीवर अमेरिकेने वेगळं उत्तर काढलं. २०१४ पासून वीजसंहितेत अशी सक्ती आली की एक बटण दाबलं की छपरावरून येणाऱ्या वायरमधला दाब काही सेकंदांत उतरला पाहिजे. २०१७ च्या आवृत्तीत ती पॅनलच्या रांगांच्या आतपर्यंत नेली. तीस सेकंदांत ऐंशी व्होल्टच्या खाली. सूर्याला नाही, पण पॅनलला स्विच आला.

एकच वस्तू, पण जर्मनीत भिंतीचा आकडा, अमेरिकेत कण्याचा आकडा. कारण घरं वेगळी, आणि आग विझवायची रीत वेगळी.

आपल्या गच्चीवर

फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतात पीएम सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांचं लक्ष्य. एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान. नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथल्या रो-हाऊसच्या गच्च्यांवर लोखंडी सांगाडे उभे राहताना दिसतात.

आपली गच्ची काँक्रीटची. स्लॅब जळत नाही, कौलांखाली वासे नाहीत. जर्मनीचा सव्वा मीटर इथे आणून लावला तर तो कशाचंच रक्षण न करता ऊन तेवढं खाईल. पण म्हणून धोका नाही असंही नाही. तो आपल्याकडे दुसऱ्या जागी आहे: एप्रिल-मेच्या उन्हात तापणाऱ्या सैल जोडांत, दोन कंपन्यांच्या कनेक्टरांत, अडगळ साठवलेल्या जिन्यात बसवलेल्या इन्व्हर्टरमध्ये, आणि पॅनलच्या सावलीत रचून ठेवलेल्या जुन्या गाद्या-लाकडांत. जर्मनीच्या त्या ४३० घटनांचा धडाही हाच होता, की आगीची सुरुवात बहुधा वाईट जोडणीतून होते. त्यावर उपाय चांगला इलेक्ट्रिशियन आणि वेळच्या वेळी तपासणी हा आहे. कडेची मोकळी पट्टी जोड घट्ट करत नाही.

आज ना उद्या आपल्याकडेही एखादी मोठी आग लागेल, बातमी होईल, आणि घाईघाईने एखादा आकडा ठरेल. इतक्या मीटरच्या आत पॅनल नको. तो आकडा कदाचित योग्यही असेल. तेव्हा त्याच्या शेजारी दोन ओळी लिहून ठेवायला हव्यात. हे अंतर कुठली आग अडवायला ठेवलं आहे? आणि वीस फुटी रो-हाऊसवाल्याला यानंतर किती पॅनल बसवता येतात? पहिलं उत्तर हाताशी असेल, तर सामान बदलल्यावर नियम बदलायला चौतीस वर्षं लागणार नाहीत. दुसरं असेल, तर किंमत कोण मोजतंय ते नियम करणाऱ्याला सही करण्याआधी दिसेल.